चौकी आणि क्षेत्रीय कार्यालयासोबतची महिन्याची बैठक: कामं मार्गी लागावीत म्हणून काय करायचं?

सिंहगडरस्ता (धागाकर्ता)

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी-वडगाव पट्ट्यातल्या काही सोसायट्या आणि शेजारच्या चाळी मिळून दर महिन्याला एक संयुक्त बैठक ठरते आहे. पोलीस चौकीचे अधिकारी, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातले अभियंते आणि रहिवासी असे तिघे एका टेबलाशी बसणार. हाताशी असलेले विषय: ओढ्याकडेच्या रस्त्यावरचा अंधार, रात्री उशिरापर्यंत चालणारे स्पीकर, चेंबरची झाकणं गायब होणं, पार्किंगमधल्या चोऱ्या, बेवारस गाड्या, भाडेकरूंची माहिती आणि शाळेजवळ हवा असलेला गतिरोधक.

कोणता विषय कोणाच्या टेबलावरचा, तक्रार कशी लिहायची, कोणते कागद सोबत ठेवायचे, बैठकीचा वृत्तांत कसा लिहायचा आणि काम अडलं तर पुढची पायरी कोणती, हे जाणकारांनी लिहावं. "पोलिसांना सांगा", "महापालिकेत जा" एवढ्यावर कृपया थांबू नका.

---

आवकजावक

सगळ्यात आधी हद्दी तपासा. या भागात निम्मा वेळ त्यातच जातो.

२०१७ साली ११ गावं महापालिकेत आली. त्यात धायरीचा उरलेला भाग आणि दोन्ही आंबेगावं होती. ३० जून २०२१ ला आणखी २३ आली, त्यात नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. पुढे २०२४ मध्ये शहरात सात नवी पोलीस ठाणी झाली: आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. जुन्या ठाण्यांच्या हद्दी कापूनच ही तयार झाली, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ज्या ठाण्यात जायचात ते आज तुमचं असेलच असं नाही. एकाच रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि दुसरी दुसऱ्यात, हे सर्रास आहे.

शिवाय चार नकाशे आहेत आणि ते एकमेकांवर बसत नाहीत: पोलीस ठाण्याची हद्द, महापालिकेचा प्रभाग, क्षेत्रीय कार्यालय आणि महावितरणचा उपविभाग. पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येक सोसायटीपुढे या चारही गोष्टी लिहिलेला एक कागद तयार करा. चौकीचं नाव, बीट अंमलदाराचा (तुमचा भाग ज्या पोलिसाकडे आहे त्याचा) हुद्दा आणि चौकीचा फोन त्याच कागदावर. अंमलदाराचं नाव लिहू नका, बदली झाली की कागद शिळा होतो.

शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. तुमचा पट्टा बहुतांशी सिंहगड रोड क्षेत्रीय कार्यालयाकडे येईल, पण कडेच्या गल्ल्या धनकवडी-सहकारनगरकडे निघू शकतात. मिळकतकराच्या बिलावरचा पत्ता बघून खात्री करा.

---

स्टेशन_डायरी

पोलिसांकडे दिलेला प्रत्येक कागद म्हणजे "तक्रार" असं लोक धरून चालतात. तिथे तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचं भवितव्य वेगळं असतं.

पहिला तक्रार अर्ज. यावर आवक शिक्का मिळतो, तो चौकशीला एखाद्या अंमलदाराकडे जातो. शिक्का मिळाला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं नाही. दुसरी अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली ही नोंद होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. तिसरी फिर्याद, कलम १७३ खालची, जिला सगळे एफआयआर म्हणतात. तपास सुरू होतो तो या तिसऱ्या कागदावर.

पार्किंगमधल्या चोऱ्यांचा विषय आहे म्हणून एक गोष्ट ठळक सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीचा गुन्हा आता अदखलपात्र आहे. म्हणजे हेल्मेट, सायकल, स्टेपनी गेली आणि किंमत न सांगता तक्रार दिली, तर एनसी होण्याची शक्यता मोठी. वस्तूचं बिल असेल तर जोडा, नसेल तर बाजारभाव लिहा, खरा लिहा. घरफोडी मात्र वेगळी. राहत्या जागेतून चोरी झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं आणि तिथे ही पाच हजारांची अट येत नाही. साखळी किंवा मोबाईल हिसकावला असेल तर त्याच संहितेचं कलम ३०४, तेही दखलपात्र. त्यामुळे "चोरीला गेला" आणि "हातातून हिसकावला" यात शब्दाचा फरक नाही, कलमाचा आहे. जे घडलं ते नेमकं सांगा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायची असते. हद्दी अशा गुंतलेल्या भागात ही तरतूद लक्षात ठेवा. फिर्यादीची प्रत जागेवर, मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका आणि सही करण्याआधी तारीख, वेळ, ठिकाण, वस्तूंची यादी शब्दन् शब्द वाचा. गाडी असेल तर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक, मोबाईल असेल तर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. नंतर जोडता येतं, पण विमा कंपनी पहिल्या कागदाला चिकटून बसते.

तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. "चौकशी चालू आहे" असं उत्तर आलं तर ती या तरतुदीखाली आहे का, परवानगी कोणत्या तारखेची आहे, एवढं विचारा.

नोंद करायला नकार मिळाला तर लेखी अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. उपायुक्तांचा टप्पा गाळून थेट कोर्टात गेलं तर अर्ज तिथेच अडतो.

---

चौथी_गल्ली

ऑनलाइन दिलेली तक्रार चालते का? ज्येष्ठ नागरिकांना ठाण्यात बोलावतात, त्याचं काय?

---

स्टेशन_डायरी

इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली माहिती चालते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती फिर्याद म्हणून नोंदते. पुष्कळ लोक ऑनलाइन पाठवून वाट बघत राहतात आणि तीन दिवस निघून जातात.

मोबाईल हरवला असेल, चोरीला गेलेला नसेल, तर पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून सीईआयआर या सरकारी पोर्टलवर आयएमईआय बंद करायचा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बाकीचं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात, म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे.

ज्येष्ठांबद्दल: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर ६० वर्षांवरील व्यक्ती, स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. नव्या कायद्यात ही मर्यादा ६५ वरून ६० झाली आहे. चौकीला नम्रपणे आठवण करून द्या, अंमलदार घरी येतात.

आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. बैठकीत "त्या चोरीचं काय झालं" असं मोघम विचारण्याऐवजी गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि ९० दिवस पूर्ण होण्याची तारीख यादीत लिहून न्या.

---

पथदिवा

ओढ्याकडेच्या अंधाराबद्दल. "लाइट लावा" या वाक्यावर कोणीही काम करू शकत नाही. खांबांवर क्रमांक असतो. रात्री चालत जाऊन कोणते खांब बंद आहेत ते टिपा, मग त्यातून कारण जवळजवळ कळतंच.

एकच दिवा बंद असेल तर बहुतेक वेळा फिटिंग किंवा ड्रायव्हर (दिव्याला वीज देणारा आतला भाग) गेलेला असतो, वायरमनचं काम. ओळीने दहा-बारा खांब बंद असतील तर फीडर पिलरमधला (रस्त्याकडेच्या वीज वाटणाऱ्या पेटीतला) बिघाड किंवा खोदाईत तुटलेली केबल. अशा वेळी त्या रस्त्यावर अलीकडे कोणी खोदलं ते बघून लिहा. एकाआड एक किंवा दोन सोडून एक बंद असेल तर एक फेज गेली आहे. दिवसा चालू आणि रात्री बंद असेल तर टायमर. रस्त्यासोबत आजूबाजूची घरंही अंधारात असतील तर तो महावितरणचा पुरवठा, महापालिकेच्या विद्युत विभागाकडे जाऊन उपयोग नाही.

आणि ओढ्याकाठी हमखास आढळणारं कारण: दिवा चालू आहे, पण झाडाच्या फांदीत झाकला आहे. तिथे विद्युत विभाग काही करू शकत नाही. फांद्यांची छाटणी उद्यान विभागाच्या परवानगीने होते, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली. स्वतः फांदी तोडली तर गुन्हा तुमच्यावर येतो. अर्जात झाडाची जात, खांबाचा क्रमांक आणि दिवा झाकल्याचा रात्रीचा फोटो द्या.

मुळात खांबच नाहीत असा पट्टा असेल तर ती दुरुस्ती नाही, नवं काम आहे. त्याला पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) आणि निधी लागतो, तक्रार ॲपवर ते होत नाही. ॲपवर टाकलं की "कार्यवाही पूर्ण" म्हणून बंद होतं आणि महिना वाया जातो. दुरुस्तीसाठी पीएमसी केअर हे महापालिकेचं ॲप किंवा १८०० १०३० २२२, नव्या कामासाठी क्षेत्रीय कार्यालयात लेखी पत्र.

चेंबरच्या झाकणांचंही तसंच. आधी ते कोणाचं आहे ते बघा: मैलापाण्याचं, पावसाळी गटाराचं, टेलिफोनचं की विजेचं. झाकणावर अक्षरं असतात. झाकण गेलं असेल तर त्याच ओळीतल्या पुढच्या चेंबरचं झाकण वाचा. लोखंडी झाकण भंगारात जातं, म्हणून एकाच गल्लीत परत परत चोरी होत असेल तर बदली झाकण काँक्रीटचं किंवा फायबरचं मागा. चोरीची फिर्याद सहसा मालक, म्हणजे महापालिका, देते. बैठकीत अभियंता आणि पोलीस समोरासमोर असतात, तिथेच ठरवून घ्या की फिर्याद कोण देणार आणि कधी. तोवर उघड्या चेंबरभोवती बॅरिकेड त्याच दिवशी लागलं पाहिजे. माणूस पडतो तो निविदा निघायची वाट बघत नाही.

---

डेसिबल

स्पीकरच्या विषयावर नेमकं बोला, नाहीतर चर्चा लगेच धर्मावर आणि सणांवर घसरते आणि मूळ काम राहतं.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० ही मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा, तिथे ५० आणि ४०. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. ते दिवस आधी जाहीर होतात, यादी मिळवून चौकीच्या आणि सोसायटीच्या फलकावर लावा. निम्मे वाद यादी हातात नसल्याने होतात.

लॉन आणि मंगल कार्यालयांबद्दल एक तरतूद फारशी कोणी वापरत नाही. खासगी जागेतल्या आवाजाने त्या जागेच्या सीमेवरची पातळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे निवासी भागातल्या लॉनच्या कुंपणाशी दिवसा ६०. सार्वजनिक जागेसाठी मर्यादेवर १० किंवा एकूण ७५, यातलं जे कमी असेल ते. मोजणी कुंपणाशी करायची, आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत नाही.

मोबाईलवरचं डेसिबल ॲप पुरावा म्हणून टिकत नाही, पण कधी आणि कुठे मोजायला यावं हे सांगायला पुरतं. तीन-चार दिवसांच्या वेळा आणि अंदाजे आकडे लिहून ठाण्यात द्या आणि प्रमाणित ध्वनिमापकाने मोजणी करण्याची मागणी करा.

चालू आवाजासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक. हा फोन पुण्यात वाजत नाही. राज्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरं नागपूरला. तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. म्हणून "धायरी फाट्याजवळ" एवढं पुरत नाही. आधी "पुणे शहर", मग रस्ता, मग ठळक खूण, मग आवाज नेमका कुठून येतो ते. फोनची वेळ टिपून ठेवा. महिनाअखेरीस या वेळांची यादी बैठकीत ठेवली की चर्चा तिथून सुरू होते.

नाव उघड होण्याची भीती खरी आहे, शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणं सोपं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की अशा तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागू नये आणि ती आरोपीला कळू देऊ नये. निकालाची प्रत चौकीत देऊन ठेवा.

---

अनामिका_वारजे

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. ओढ्याकाठी दारू पीत बसणाऱ्यांबद्दलही लिहा कोणीतरी. आमच्याकडे रात्री त्या वाटेने क्लासच्या मुली येतात.

---

स्टेशन_डायरी

ताई, त्या जागेसाठी दोन्ही खाती एकत्र लागतात. नुसती गस्त आली की मंडळी उठतात आणि गाडी गेली की परत बसतात.

पोलिसांकडून: सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ११०, ११२ आणि ११७, दारूसाठी दारूबंदी कायदा, आणि तेच तेच चेहरे असतील तर प्रतिबंधक कारवाई, ज्याला ठाण्यात चॅप्टर केस म्हणतात. यासाठी तारीख-वेळेच्या नोंदी लागतात, मोघम "रोज असतात" चालत नाही. क्लास सुटायची वेळ लिहून द्या आणि त्या अर्ध्या तासात गस्त मागा. चोवीस तास गस्त मागितली तर नकार मिळेल. संध्याकाळी साडेसात ते आठ मागितली तर नाही म्हणणं अवघड. वाटेवरच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर सहीचं पुस्तक ठेवा, बीट मार्शल वेळ टाकून सही करतात. दामिनी पथकालाही तीच वेळ कळवा.

महापालिकेकडून: त्या जागेवरचा दिवा, झुडपं काढणं, बसायला सोयीची झालेली पडकी भिंत किंवा पाइपांचा ढीग हलवणं. हे झालं नाही तर पोलिसांचं काम दर आठवड्याला नव्याने सुरू होतं.

---

लेन्स_सहा_मिमी

सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांबद्दल. तपास बिघडतो तो बहुधा इथे.

डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ. वीज जाऊन-येऊन ते पुढेमागे होतं. सात मिनिटांचा फरक असेल तर पोलीस पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात चुकीची सात मिनिटं बघतात. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहा. फरक सापडला तर गुपचूप दुरुस्त करू नका, "अमुक तारखेला इतकी मिनिटं पुढे होतं, आज जुळवलं" अशी नोंद करा. जुन्या फुटेजचा हिशेब त्यावरून लागतो.

साठवण. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क साधारण २३ दिवस पुरते. चोरी उशिरा लक्षात येते, म्हणून ३० दिवसांच्या खाली राहू नका. डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क सतत लिहिण्याने लवकर जाते आणि गेल्याचं कळतं तेव्हाच जेव्हा फुटेज हवं असतं. आठवड्यातून एकदा मागच्या आठवड्याचं फुटेज उघडून बघायचं काम एका माणसाकडे द्या.

नंबरप्लेट. २.८ मिमी लेन्सचा कॅमेरा अख्खं आवार दाखवतो पण प्लेट वाचता येत नाही. गेटसाठी वेगळा कॅमेरा, ६ ते १२ मिमी लेन्स, शटर वेगवान, आणि हेडलाइटचा झोत थेट भिंगावर पडणार नाही अशा तिरक्या कोनात. गेटबाहेरचा रस्ता थोडा दिसू द्या, पण समोरच्याची खिडकी नको.

फुटेज देताना व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ते दाबलं जातं आणि मूळ फाइलची माहिती निघून जाते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर, पोलिसांच्या लेखी पत्रावर, पोच घेऊन. न्यायालयात ते टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावी लागते. सोसायटीच्या वतीने भाग अ वर कोण सही करणार ते आधीच ठराव करून ठरवा, नाहीतर ऐनवेळी सचिव आणि अध्यक्ष एकमेकांकडे बघतात.

आणि कळकळीची विनंती. गाड्या फोडणाऱ्यांत अल्पवयीन मुलं असू शकतात. त्यांचे चेहरे सोसायटीच्या ग्रुपवर फिरवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. फुटेज पोलिसांना द्या, ग्रुपवर नाही.

---

भाडेकरार

भाडेकरूंच्या माहितीबद्दल थोडक्यात. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी. पोलिसांना ऑनलाइन माहिती देणंही मालकाचंच काम. आयुक्तालयाचे आदेश निघतात, ते मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. सोसायटीने फक्त पोच मागायची आणि फ्लॅटनुसार तारीख वहीत लिहायची.

---

चौथी_गल्ली

आमची समिती आधार, पॅन, फोटो, ऑफिसचं पत्र, सगळं घेते. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच नाही का?

---

भाडेकरार

नाही, त्यात धोकाच जास्त आहे. पन्नास कुटुंबांच्या आधारच्या झेरॉक्स सुरक्षारक्षकाच्या उघड्या कपाटात पडलेल्या असतात. पोलिसांच्या अर्जाची पोच असेल तर बाकीची कागदपत्रं समितीकडे असायचं कारण नाही. फार तर नाव, फोन आणि आपत्कालीन संपर्क. आणि "आधी समितीची परवानगी, मग भाडेकरू" अशी अटही नको. जात, धर्म, लग्न झालंय की नाही यावरून होणारी अडवणूक त्याच दारातून आत येते.

---

पथदिवा

गतिरोधक राहिला. मागणी पथ विभागाकडे, आणि वाहतूक पोलिसांचं ना-हरकत लागतं. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे उंचवटा ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, ताशी २५ किमी वेगाने पार करता येईल असा. ४० मीटर आधी सूचनाफलक, वर पांढरे-काळे पट्टे आणि जवळ दिवा. ठेकेदार उरलेल्या डांबराचा अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंमी उंच ढीग टाकतो, त्यावर दुचाकी उडते, रुग्णवाहिकेतला रुग्ण हादरतो, आणि महिन्याभरात रहिवासीच तो उखडायला सांगतात. पत्रातच मापं लिहा आणि काम चालू असताना टेप घेऊन उभे राहा. गतिरोधकाच्या वरच्या बाजूला पाणी साचणार नाही ना, तेही त्याच वेळी बघा.

सम-विषम पार्किंग किंवा नो-पार्किंग हवं असेल तर वाहतूक शाखेचे उपायुक्त आधी तात्पुरता आदेश काढतात, हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम. फलक लावल्याशिवाय कारवाई टिकत नाही. बेवारस गाडीचा रंग, क्रमांक, किती दिवस उभी आहे ते लिहून अतिक्रमण विभाग आणि वाहतूक शाखा दोघांना एकच पत्र. गाडीवर नोटीस चिकटवून मग उचलतात. चोरीची असेल तर मालकाला परत मिळते, म्हणून चासी क्रमांक दिसत असेल तर तोही.

---

आवकजावक

आता बैठकीचा वृत्तांत. माझ्या मते सगळा धागा इथे येऊन टेकतो. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातं, आवक क्रमांक पडलेला कागद मागे राहतो.

वृत्तांतात प्रत्येक विषयाला एकच ओळ, अशी: "खांब क्र. अमुक ते अमुक, एकाआड एक बंद. ॲप तक्रार क्र. अमुक. जबाबदारी: कनिष्ठ अभियंता (विद्युत). मुदत: १४ तारीख. पोलिसांकडे: काही नाही." शेवटचा रकाना महत्त्वाचा. दोन खात्यांत विभागलेल्या विषयात दोघांची नावं एकाच ओळीत आली की "ते त्यांचं काम" हे उत्तर उरत नाही. "लवकरात लवकर", "योग्य ती कार्यवाही" हे शब्द वृत्तांतात घ्यायचेच नाहीत. उपस्थितांच्या सह्या तिथेच, आणि दुसऱ्या दिवशी प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या व पोलीस ठाण्याच्या आवक-जावकला देऊन क्रमांक घ्या. पुढची बैठक या वृत्तांताच्या वाचनाने सुरू.

बैठकीला एका महिन्यात दहाहून जास्त विषय नकोत. ओळखीच्या सोसायटीचा विषय आधी घेतला की चाळीतले लोक पुढच्या वेळी येत नाहीत, म्हणून क्रम आलटून-पालटून.

काम अडलं तर: महापालिकेचा लोकशाही दिन (तक्रारी ऐकण्याचा दिवस) महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी, दोन प्रतींत. न्यायप्रविष्ट विषय आणि माहिती अधिकारातली प्रकरणं तिथे घेत नाहीत. त्याआधी अभिलेख पाहणी, म्हणजे फाइल बघणं, कधी करता येईल ते विचारून जा. फाइल समोर येते. पूर्वगणनपत्रक झालंय का, कोणाच्या टेबलावर आहे, किती तारखेपासून, हे तिथे वीस मिनिटांत कळतं. लेखी प्रती हव्या असतील तर माहिती अधिकार: १० रुपये, एक विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायचं बंधन नाही. "अमुक पत्रावरील दैनंदिन प्रगतीची नोंद आणि टिपणीची प्रत" मागा. पहिलं अपील २० रुपये.

पोलिसांच्या बाबतीत आधी सहायक आयुक्त, मग उपायुक्त. गंभीर गैरवर्तन असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज किमान एक वर्ष ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. वाद झालाच तर तारीख-वेळ लिहून ते जतन करण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात करा.

---

सिंहगडरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न उरले. नगरसेवकांना या बैठकीला बोलवावं का? आणि नव्या खांबांसाठी पैसा कुठून येतो?

---

चौथी_गल्ली

बोलवू नये असं माझं मत. बैठकीचा कार्यक्रम होतो, फलक लागतो आणि विरोधी बाजूचे रहिवासी येत नाहीत.

---

आवकजावक

भीती रास्त आहे, पण पूर्ण टाळूनही चालत नाही. आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे एक प्रभाग पाच सदस्यांचा आणि बाकी सगळे चौघांचे. एकालाच पत्र दिलं तर बाकीचे तीन ते त्याचं काम म्हणून सोडून देतात. चौघांनाही एकाच मजकुराचं पत्र, एकाच दिवशी, चौघांची नावं वर. महिन्याच्या कामकाजाच्या बैठकीला न बोलावता तीन महिन्यांतून एकदा चौघांना एकत्र बोलवा आणि फक्त निधी लागणारे विषय त्यांच्यापुढे ठेवा.

पैसा तीन वाटांनी येतो. छोटी कामं "स" यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून. मोठी खात्याच्या अंदाजपत्रकातून. तिसरी वाट नागरिकांच्या सहभागाची: २००६ पासून पुण्यात रहिवासी अंदाजपत्रकासाठी थेट कामं सुचवू शकतात, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. चार-पाच खांब, पदपथाचा तुकडा, बाकडी यात बसतात. अर्ज पावसाळ्याच्या शेवटाकडे मागवले जातात आणि मुदत थोडी असते, म्हणून अर्ज जुलैतच लिहून ठेवा. अर्ज नामंजूर होतो तो बहुधा जागेमुळे. रस्ता महापालिकेच्या ताब्यात नसेल, खासगी लेआउटमधला असेल, तर निधी टाकता येत नाही. २०१७ आणि २०२१ ला आलेल्या गावांत हे हमखास होतं. त्यामुळे ओढ्याकडेचा तो रस्ता विकास आराखड्यातला आहे की खासगी, हे अभिलेख पाहणीत बघा. खासगी निघाला तर आधी ताबा देण्याचं पत्र सोसायट्यांकडून लागेल, त्याला वेळ जातो.

---

पथदिवा

जाताना खांबांचे क्रमांक आणि दोन खांबांमधलं अंतर सोबत न्या. २५-३० मीटरपेक्षा जास्त अंतर असलेले पट्टे लाल पेनाने दाखवा. कनिष्ठ अभियंत्याला पूर्वगणनपत्रकासाठी तेच लागतं, आणि तयार मिळालं तर त्याची एक फेरी वाचते.